क्लार्कसाहेबांची लाईन कुठली?

पोरगं केमिस्ट्रीत एमएस्सीला गेलं आणि मधेच म्हणालं मला मेडिकलकडचं काहीतरी करायचंय, की आमच्या सांगलीत घरोघरी एकच डायलॉग, "अरे एक लाईन धर की, किती धरसोड करशील". गाईड लोक तर त्याच्याही पुढं, सिनॉप्सिस उघडायच्या आधीच "हे आपल्या डिपार्टमेंटचं नाही" म्हणून मोकळे. अशा वेळी मला लेलँड क्लार्क आठवतो. मी मिरजेत लॅबला आहे, एबीजी मशीनवरच, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वगैरे मोजायच्या मशीनवरच, आयुष्य चाललंय, त्यामुळं या माणसाचं नाव मी घेणारच.

हा गडी अमेरिकेतल्या ओहायोतला बायोकेमिस्ट. 1950 च्या आसपास त्याचं काम चाललेलं रक्तात ऑक्सिजन मिसळायच्या मशीनवर, म्हणजे हार्टचं ऑपरेशन चालू असताना फुफ्फुसाचं काम शरीराबाहेर करायचं, रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून. त्यावरचा पेपर पाठवला तर संपादकानं परत केला, का तर बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती ते मोजलंयस कुठं? आणि ते पटकन मोजायचं धड साधनच तेव्हा नव्हतं. दुसरा कोणी असता तर "ह्यांना काय कळतंय" म्हणून चहाला गेला असता, हा ऑक्सिजन मोजायचा इलेक्ट्रोड, म्हणजे करंट वाहून नेणारी तार, बनवायला बसला. प्लॅटिनमची तार नुसती रक्तात बुडवली की तिच्यावर प्रोटीन चिकटतं आणि करंट भरकटतो. मग यानं 1954 मध्ये ही तार आणि तिच्या जोडीचा दुसरा इलेक्ट्रोड, दोन्ही एकाच पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यामागं ठेवले. रक्त बाहेर राहतं, ऑक्सिजन तेवढा आत जातो, जेवढा ऑक्सिजन तेवढा करंट. बास.

आमच्या जुन्या मशीनला तो पडदा, म्हणजे मेंब्रेन, हातानं बदलायला लागायचा. रबरी रिंग बसवताना आत बारीक बुडबुडा अडकला की रीडिंग डुलत राहणार, कॅलिब्रेशन पास होणार नाही, आणि तिकडनं आयसीयूतनं फोनवर फोन, "सिस्टर विचारताहेत पीओटू किती", म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. सिरिंजमधली हवा काढली नसेल तरी आकडा चुकतो. (बुडबुड्यांचं मशीन करणाऱ्याच्या इलेक्ट्रोडला बुडबुडाच चालत नाही, गंमत बघा.) आणि हो, बोटाला लावतो तो ऑक्सिमीटर वेगळा, तो उजेडावर चालतो.

पुढं 1962 मध्ये यानं त्याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवायची आयडिया मांडली, साखर जळताना ऑक्सिजन किती कमी झाला ते बघायचं. आज घरोघरी शुगर तपासायच्या ज्या पट्ट्या आहेत त्यांचं मूळ तिथं. त्यानंतर 1966 मध्ये तर कहरच, ऑक्सिजन भरलेल्या फ्लोरोकार्बनच्या द्रवात उंदीर बुडवले आणि ते आत श्वास घेत राहिले! त्याच्यावरून 1989 मध्ये फिलाडेल्फियात दिवस न भरलेल्या बाळांच्या फुफ्फुसात असा द्रव घालून बघितला. नंतर मोठ्या माणसांवर ट्रायल झाल्या, तिथं मात्र फायदा दिसला नाही. म्हणून काय ते काम वाया गेलं? मला नाही वाटत.

आता सांगा, लाईन बदलली कुठं यानं? सगळा जन्म ऑक्सिजनच्याच मागं लागलेला, वाटेत केमिस्ट्री लागली, सर्जरी लागली, मधुमेह लागला, फुफ्फुस लागलं. डिपार्टमेंट आपण पाडतो, पेशंटचं शरीर पाडत नाही. कृष्णेत मासे मेले की पाण्यातला ऑक्सिजन मोजायला जे प्रोब टाकतात, त्यातले कितीतरी अजून क्लार्कच्याच तत्त्वावरचे आहेत, म्हणजे नदी आणि आयसीयू एकाच इलेक्ट्रोडवर.

आणि आपल्याकडं काय, सांगलीत केमिस्ट्री आणि इंजिनिअरिंगची एवढी कॉलेजं, दहा किलोमीटरवर मिरजेत एवढे दवाखाने, पण प्रोजेक्टसाठी कुठला पोरगा लॅबची पायरी चढून "तुमचं काय अडतंय" म्हणून विचारेल तर शपथ. सगळे नेटवरनं प्रोजेक्ट उतरवणार आणि वायव्हाला घाम पुसणार.

माझ्याकडं ड्रॉवरमध्ये एक जुना निकामी इलेक्ट्रोड आहे, उघडून बघायचा असेल त्यांनी मेसेज करा. फक्त सकाळी येऊ नका, तेव्हा आयसीयूची सॅम्पल असतात.