तंबाखूचा कायदा आणि आमची निपाणी

कर्नाटकात तंबाखू विकत घ्यायचं वय १८ वरून २१ झालं. सार्वजनिक ठिकाणी ओढताना सापडलं तर दंड २०० चा १००० झाला, हुक्का बार बंद झाले. २०२५ साली हा सुधारित कायदा आला आणि आमच्या निपाणीत, बेळगाव जिल्ह्यातल्या या तंबाखू-बिडीच्या गावात, कट्ट्यावर वाद सुरू झाला. "माझं शरीर, माझे पैसे, सरकारचं काय जातंय?" शिकलेली माणसंही हेच म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोठ्या माणसानं स्वतःच्या घरात काय खावं-प्यावं हे सरकारनं सांगू नये, हे मला मान्य आहे. साखर वाईट म्हणून उद्या कुणी कुंद्यावर बंदी घालायला निघालं तर विरोधात मी पहिला उभा राहीन.

पण तंबाखू कुणी पूर्ण विचार करून चाळिशीत सुरू करत नाही. सवय लागते ती मिसरूड फुटायच्या वयात. पुडीतल्या सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू कडक होत जाते आणि ऐन तिशीत तोंडात दोन बोटं जायची पंचाईत होते. भाकरीचा तुकडा चुरून, आमटीत भिजवून आत सारावा लागतो. पंधराव्या वर्षी पुडी फोडताना त्या पोरानं हे निवडलं होतं का? म्हणून २१ ची अट मला रास्त वाटते.

आणि आमच्याकडं मर्जीची गोष्ट ओढणाऱ्यापाशी संपत नाही. निपाणीच्या कुठल्याही गल्लीत दुपारी फिरून बघा. बिड्या वळणाऱ्या बायका दिसतील: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं दुमडायचं. दिवसभर मान खाली. शेजारी पाळण्यात लेकरू, आणि तीच धूळ त्याच्याही नाकात. वर कारखान्यात माल दिला की छाट काढली जाते, म्हणजे खराब म्हणून काही बिड्या बाजूला टाकतात, तिची मजुरी नाही. या बायकांना कुणी मर्जी विचारली?

तंबाखूविरुद्ध बोललं की लोक १९८१ काढतात. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या आंदोलनात इथं हायवेवर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, माणसं गेली. ते मी कधीच विसरणार नाही. पण ती लढाई घामाच्या दामासाठी होती, आपल्या पोरांनी पुडी खावी म्हणून नव्हती.

माझा राग सरकारवरही आहे. महाराष्ट्रानं २०१२ ला गुटखा बंद केला, कर्नाटकानं २०१३ ला. झालं काय? पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, मिसळून घ्या! बसस्टँडवर बिडी ओढणाऱ्या हमालाची पावती फाडणं सोपं आहे, या दोन पुड्या बनवणाऱ्याला हात लावणं अवघड आहे.

त्याहून वाईट म्हणजे, बिडी कामगारांच्या दवाखान्यासाठी, पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी बिडीवर जो उपकर होता तो २०१७ ला जीएसटी येताना रद्द केला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के करायचं ठरलं. सिगारेटला मात्र ४०. बिडी काय औषध आहे? कर उतरला म्हणून हजार बिड्यांमागं मिळणारी मजुरी आपोआप वाढत नसते ओ.

माझं म्हणणं एवढंच: तो उपकर परत लावा. त्या पैशातून या बायकांच्या छातीची तपासणी करा, त्यांच्या पोरींना दुसरं काम शिकवा, आणि ते शिकेपर्यंत घर चालेल एवढी रक्कम थेट त्यांच्या खात्यात टाका. आमदार-खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, निपाणीत मतं मागायला येतील तेव्हा हे विचारा.