नाईस म्हणवून घेण्याची शिक्षा

माझ्या कोणत्याही उद्योगाला हल्ली एकच दाद मिळते, ती म्हणजे ‘नाईस’. पानात पुरणपोळी वाढली तरी नाईस, दिवाळी अंकातला लेख वाचायला दिला तरी नाईस, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याचे कळवले तरी पलीकडून नाईसच. आमच्या वडीलधाऱ्यांचे ‘बरे आहे’ कंजूष असे खरे. पण ते कशाला उद्देशून आहे, हे तरी कळत असे.

शेवटी त्रासून मी या शब्दाचे कूळ शोधले. लॅटिनमधल्या ‘नेस्किउस’ म्हणजे अज्ञ या शब्दापासून तो निघाला. त्यातला ‘ने’ हा आपल्या संस्कृत ‘न’चा भाऊबंद, आणि पुढचा धातू ‘जाणणे’ या अर्थाचा, ज्यातून ‘सायन्स’ही जन्मले. थोडक्यात, विज्ञानाच्याच घराण्यातली ही न शिकलेली पाती. १३००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा सरळ अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो भित्रा, नाजूक, चोखंदळ, काटेकोर अशी स्थळे फिरत फिरत अठराव्या शतकात ‘छान’पाशी येऊन स्थिरावला. तिथे तो इतका सैलावला, की १८१७च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत जेन ऑस्टिनने नायक हेन्री टिल्नीच्या तोंडून त्याची यथेच्छ टिंगल केली: हवा नाईस, फेरफटका नाईस, मुलीही नाईस! त्यानंतर दोनशे वर्षे उलटली, तरी म्हणणाऱ्यांवर काडीचाही परिणाम झालेला नाही.

आता कोणी नाईस म्हटले, की मला त्यामागे चौदाव्या शतकातला एक स्पष्टवक्ता इंग्रज उभा दिसतो आणि त्याचेच म्हणणे खरे वाटू लागते. त्यामुळे परतफेडीसाठी मी आपल्याकडचा, नेमका उलट्या दिशेने घसरलेला शब्द काढला. सम्राट अशोकाने शिलालेखांतून मिरवलेली ‘देवानांप्रिय’ ही पदवी पुढे संस्कृत वैयाकरणांनी ‘मूर्ख’ या अर्थाने नोंदवली आहे. तेव्हा परवा माझ्या लेखाला, तो न उघडताच, नाईस म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी हात जोडून म्हणालो, “आपण खरोखर देवानांप्रिय आहात.” ते भलतेच सुखावले. ही पदवी दारावरच्या पाटीवर कोरून घेण्याचा त्यांचा विचार पक्का झाला असून, ती नावाच्या आधी शोभेल की नंतर, एवढाच सल्ला ते माझ्याकडे मागत आहेत.