फॉलिक ॲसिड आणि त्याचा तोतया

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालेल्या प्रत्येक पेशंटला ती गोळी शरीरात काय करते हे कोणीतरी नीट समजावून सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. 'आठवड्यातून एकदाच घ्या' एवढ्यावर भागत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर चुकून तीही रोज पोटात गेली, तर माणूस दगावू शकतो.

पेशीचं विभाजन होण्याआधी डीएनएची प्रत निघते. त्यासाठी लागणारे घटक बनवायला फॉलिक ॲसिड हे व्हिटॅमिन हवं. मेथोट्रेक्सेटचा रेणू जवळपास तसाच: एका जागी ऑक्सिजनऐवजी अमिनो गट, दुसरीकडे एक मिथाइल गट जास्त, बाकी सांगाडा तोच. फॉलिक ॲसिडला कामाला लावणारं एन्झाइम याला खराच समजतं आणि खऱ्यापेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतं. भाऊसाहेबांच्या तोतयाची पेशव्यांनी चौकशी तरी केली. एन्झाइमला नुसता आकार आणि विद्युतभार कळतो. मग सतत नव्या पेशी बनतात तिथे आधी फटका बसतो: अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर.

या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स यांनी इथेच दाखवलं आणि 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे आंध्रातल्या भीमावरमचे जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने त्याचे तोतये घडवले. त्यांतलंच अमिनोप्टेरिन देऊन बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांचा आजार काही काळ मागे हटवला. तो अहवाल 1948 चा. बायकांना उभं करणारा रेणू आणि कॅन्सरच्या पेशी रोखणारा रेणू यांच्यात फरक जेमतेम काही अणूंचा! मला हे आजही थक्क करतं.

सल्फा औषधंही अशीच, पण तिथे फसतात जिवाणू. ते फॉलिक ॲसिड स्वतः बनवतात आणि त्याच्या कच्च्या मालाची नक्कल गिळून अडकतात. आपल्याला ते अन्नातून मिळतं, म्हणून आपण त्या सापळ्यातून सुटतो.

घरात कोणाला मेथोट्रेक्सेट चालू असेल तर पाकिटावर ठरलेला वार मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते रोजच्या गोळ्यांपासून वेगळं ठेवा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी दुष्परिणाम कमी करण्यासाठी असते, ती 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून बंद करू नका. तोंड आलं, ताप आला, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.