टूल मोडलं की आधी मोडलेलं तोंड बघा

नमस्कार. दगड फोडणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकरच्या टूलची, म्हणजे पिस्टनचे ठोके झेलून दगडावर मारा करणाऱ्या पोलादी दांड्याची, काळजी कशी घ्यावी या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही मोकळेपणाने आणि सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : टूल मोडतात ती हल्लीच्या हलक्या पोलादामुळे, लेखात मात्र खापर ऑपरेटरवर फोडलंय, दर दोन तासांनी ग्रीस मारणं साइटवर जमत नाही आणि मारलेलं ग्रीस खाली गळून वायाच जातं, झिजलेल्या टोकावर वेल्डिंग भरून टूल चांगलं चालतं, मग त्याला मनाई कशाला. शिवाय एकाच ब्रेकरवर लागोपाठ तीन टूल मोडल्याचं तुम्ही लिहिलंय. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतोच.

पोलाद खराब निघू शकतं, यात वाद नाही. पण ते खराब होतं की नव्हतं हे अंदाजाने ठरवायची गरज नसते, मोडलेल्या तुकड्यावर ते दिसतं. तुकडा भंगारात टाकण्याआधी कापडाने धूळ पुसा आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाडून मोडलेलं तोंड बघा. वायर ब्रश मारू नका आणि दोन तुकडे एकमेकांवर घासून जुळवूनही बघू नका, खुणा पुसल्या जातात. बहुतेक वेळा त्या तोंडावर दोन वेगवेगळे भाग दिसतील. एक गुळगुळीत, ज्यावर शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या रेषा असतात. दुसरा खरबरीत आणि दाणेदार. गुळगुळीत भागात चीर हळूहळू, हजारो ठोक्यांमध्ये वाढत गेलेली असते. उरलेलं पोलाद भार पेलेनासं झालं की ते एका फटक्यात तुटतं, तो खरबरीत भाग.

आता त्या वळ्या कुठल्या बिंदूभोवती आहेत ते शोधा. चिरेची सुरुवात तिथे झाली. तो बिंदू टूलच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर नेमक्या त्या जागी बाहेरून काय आहे ते बघा : ओरखडा, बुशला (टूलला सरळ धरून ठेवणाऱ्या कड्याला) घासून उखडलेलं पोलाद, टूल अडकवणाऱ्या पिनच्या खाचेची उठलेली कड, गंजाचा खड्डा, नाहीतर वेल्डिंगचा ठिपका. यातलं काहीतरी सापडतंच. बिंदू पृष्ठभागापासून आत, पोलादाच्या पोटात असेल आणि त्याच्याभोवती गोल गुळगुळीत डाग असेल, तर दोष पोलादातला समजा आणि विक्रेत्याकडे जरूर भांडा. गुळगुळीत भाग जवळपास नाहीच, सगळं तोंड खरबरीत आहे, तर टूलवर एकदम मोठा आडवा भार आला होता. बहुतेकदा टूल दगडाच्या फटीत घालून पहारीसारखं उचकटल्यावर असं होतं.

मोड कुठे आहे हेही पाहा. खालच्या बुशच्या कडेलगत मोडलं असेल तर टूल वाकवलं गेलं आहे, कारण टोकावर आडवा जोर आला की वाकण्याचा सगळा ताण तिथेच एकवटतो. पिनच्या खाचेत मोडलं असेल तर आधी ब्लँक फायरचा, म्हणजे टोकाखाली काहीच नसताना पडलेल्या ठोक्यांचा, संशय घ्या. टोक फुलून पसरलं असेल तर ते तापून मऊ पडलेलं असतं. वरचं तोंड, म्हणजे पिस्टन जिथे आपटतो ते, एका बाजूने उडालं असेल तर पिस्टन आणि टूल एका रेषेत राहिलेले नाहीत.

इतक्या जाड पोलादाला एवढ्याशा ओरखड्याने काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. मिनिटाला 500 ठोके धरा. दिवसात प्रत्यक्ष मारा पाच तास झाला, तर दीड लाख ठोके होतात. प्रत्येक ठोक्याला दाबाची एक लहर सेकंदाला सुमारे 5000 मीटर वेगाने टूलमधून खाली जाते. टोक दगडावर घट्ट टेकलेलं असेल तर त्या लहरीची बरीचशी ताकद दगडात उतरते. टोकाखाली काहीच नसेल तर तीच लहर टोकापासून ताण होऊन उलटी फिरते. पोलाद दाब सहज सोसतं. चीर उघडते ती ताणाने. टूल वाकतं तेव्हाही त्याची एक बाजू ताणली जाते. म्हणून मारा चालू असतानाच टूलने रेटणं किंवा उचकटणं हे सगळ्यात घातक : वाकण्याचा ताण आणि ठोक्याचा ताण एकाच जागी, एकाच क्षणी येतात, आणि तिथे ओरखडा असेल तर चिरेला तोंड आयतंच मिळतं.

आता तुमची तीन टूल. दोष पोलादाचा असता तर त्याच लॉटची टूल दुसऱ्या ब्रेकरवरही मोडायला हवी होती. एकाच ब्रेकरवर लागोपाठ मोडतात, तेव्हा मी टूलच्या आधी त्या ब्रेकरचे बुश बघेन. बुश झिजला की टूल आत तिरकं उभं राहतं. मग ते खालच्या बुशला एका बाजूने आणि वरच्या बुशला समोरच्या बाजूने टेकतं. सगळा भार त्या दोन छोट्या जागांवर येतो, तिथला ग्रीसचा थर फाटतो, पोलाद पोलादाला घासतं, तापतं, चिकटतं आणि उखडतं. नवं टूल घातलं तरी थोड्याच दिवसांत त्याच जागी ओरखडे पडतात आणि तेही त्याच जागी मोडतं. त्यातच पिस्टन टूलच्या तोंडाच्या मधोमध न बसता कडेवर बसतो आणि पिस्टनचंही तोंड उडायला लागतं. मग नुकसान टूलपुरतं राहत नाही.

आणि बुश वेळेवर बदलणं हे काही ऑपरेटरच्या हातात नसतं. खर्चाला मंजुरी देणारा मालक आणि साइटचा सुपरवायझर यांचं ते काम आहे. तेव्हा ऑपरेटरवर खापर फोडू नये, या तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

फट मोजायला महागडं साधन लागत नाही. मॅन्युअलमध्ये टूल आणि खालचा बुश यांच्यातल्या फटीची मर्यादा दिलेली असते, ब्रेकरच्या आकारानुसार साधारण 4 ते 8 मिमी. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा बघा आणि तेवढ्याच जाडीचा ड्रिल बिट किंवा गोल सळीचा तुकडा जवळ ठेवा. मशीन बंद करून टूल एका बाजूला पूर्ण सरकवा आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत तो तुकडा घालून बघा. आत गेला की बुशची मुदत संपली. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशा दोन्ही दिशांना बघा, कारण झीज गोल नसते, बहुतेकदा लांबट असते. काही मॉडेलमध्ये बुश 90 अंश फिरवून बसवता येतो आणि त्यातून आणखी काही दिवस निघतात. टूलचा व्यासही कॅलिपरने मोजा. दांडा झिजलेला असेल तर बुश नवा घालूनही फट राहतेच. हे सगळं आठवड्यातून एकदा पुरतं.

ग्रीसबद्दल तुमचा राग समजतो, कारण काम थांबवावं लागतं. पण खाली येणारं ग्रीस वाया गेलं असं समजू नका. बुश आणि टूलमधून बाहेर आलेलं ग्रीस आतली दगडाची भुकटी आणि पोलादाचा कीस बाहेर ढकलतं आणि टूलभोवती त्याचं जे कडं तयार होतं ते नवी धूळ आत शिरू देत नाही. ते कडं दिसत नसेल, तर भुकटी आत जाऊन बुश रोज थोडा थोडा खातेय. ग्रीस पातळ होऊन पाण्यासारखं ओघळत असेल तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे. पण तिथे चुकतो तो ग्रीसचा प्रकार. साधं लिथियम ग्रीस 180-190 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि चालू ब्रेकरच्या बुशजवळ तेवढी उष्णता सहज होते. ब्रेकरसाठी मिळणाऱ्या चिझल पेस्टमध्ये तांब्याचे आणि ग्रॅफाइटचे कण असतात. त्यातलं तेल जळून गेलं तरी हे कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये उरतात आणि पोलाद पोलादाला भिडू देत नाहीत.

मारायची पद्धत अनेक ठिकाणी चुकते, म्हणून ती नीट सांगतो. ब्रेकर सरळ उभा करा, टोक टणक जागेवर टेकवा आणि बूमने (मशीनच्या हाताने) दाब देऊन टूल आत, पिस्टनला भिडेपर्यंत जाऊ द्या. मग इंजिन बंद करा. निपल (ग्रीस आत जायचं तोंड) पुसून घ्या, नाहीतर गनच्या पहिल्या दाबासरशी त्यावरची माती आत जाते. खालच्या बुशमधून चहूबाजूंनी ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. मधल्या आकाराच्या ब्रेकरला साधारण पाच ते दहा दाब लागतात. टूल लोंबकळत ठेवून ग्रीस मारलं तर ते पिस्टन आणि टूल यांच्यामधल्या पोकळीत भरतं, पहिल्याच ठोक्याला तिथे जबरदस्त दाब तयार होतो आणि पिस्टनचं खालचं सील फाटतं. 'ग्रीस मारलं आणि तेल गळायला लागलं' ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते.

दोन तास हा आकडा मात्र दगडावर कोरलेला नाही. टूल थोडं बाहेर काढून दांडा बघा. चकचकीत, कोरडा आणि उभे ओरखडे दिसत असतील तर दोन तासही जास्त आहेत. काळसर ओला थर असेल तर तुमचं वेळापत्रक ठीक चाललंय. थांबणं परवडतच नसेल तर आपोआप ग्रीस सोडणारं ऑटो ल्युब बसवून घ्या. फक्त त्यातलं ग्रीसचं कार्ट्रिज रिकामं झालंय का हे कोणीतरी बघितलं पाहिजे. एरवी एका वेळेला तीन-चार मिनिटं जातात. पिनमध्ये अडकलेला मोडका तुकडा काढायला किती वेळ जातो, हे तुम्हाला सांगायला नको.

वेल्डिंगवर मी ठाम आहे. टूलचं पोलाद मध्यम कार्बनचं मिश्र पोलाद असतं, हार्डनिंग (तापवून झटकन थंड करणं) आणि टेंपरिंग (पुन्हा बेताने तापवणं) करून त्याच्या कडकपणाचा आणि चिवटपणाचा मेळ बसवलेला असतो. त्यावर रॉड चालवला की वेल्डच्या कडेचा पट्टा अचानक तापतो आणि मागचं गार पोलाद त्यातली उष्णता झटकन शोषून घेतं. तो पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो, त्यात बारीक चिरा पडतात आणि वर मिनिटाला 500 ठोके. तुमच्याकडे काही टूल तशी चालली असतील, कारण अगदी टोकाशी वाकण्याचा ताण कमी असतो. भरलेला थर उडाला तरी दांडा टिकतो. पण उडालेला तुकडा गोळीसारखा सुटतो आणि आसपास माणसं असतात. दांड्यावर किंवा खाचेजवळ तर वेल्डिंगचा ठिपकाही पडू देऊ नका. टोकाला आकार द्यायचाच असेल तर कूलंट सोडून लेथ किंवा मिलिंगवर द्या, गॅस कटर नको. तेही दरवेळी लागत नाही. टोक थोडं बोथट झालं म्हणून मारा कमी होत नाही. मोठे धोंडे फोडायला तर बोथट टूलच चांगलं, ते रुतत नाही आणि घसरतही नाही.

याच कारणाने तापलेलं टोक पाण्यात बुडवायचं नाही. कडेचा थर कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढच्या माऱ्यात त्याचे टवके उडतात.

टोक तापू नये हे ऑपरेटरच्या हातात आहे. एका जागी 15 ते 30 सेकंद मारून दगड तडकला नाही तर जागा बदला. त्यापुढे टूल फक्त भोक पाडत आत जातं, भुकटीला बाहेर यायला वाट मिळत नाही आणि सगळी ताकद उष्णतेत जाते. टोकावर निळसर झाक दिसली तर पृष्ठभाग 300 अंशांच्या आसपास जाऊन आलाय. टेंपरिंगच्या तापमानाच्या वर तापून कमी झालेला कडकपणा थंड झाल्यावर परत येत नाही. मोठा दगड मधोमध न फोडता कडेपासून सुरू करा, म्हणजे तुटलेल्या भागाला सुटायला जागा मिळते. टूल पृष्ठभागाशी काटकोनात हवं, आणि दगड हलला की कोन लगेच सुधारायला हवा.

दगड फुटून टोकाखालची जागा मोकळी होताच पेडल सोडा. ब्लँक फायरचा आवाज वेगळा, कोरडा आणि खणखणीत येतो, सरावलेल्या कानाला तो पहिल्याच ठोक्याला कळतो. बूमचा दाब कमी पडला तरी ब्लँक फायर होतं. उलट ट्रॅक उचलले जातील इतका दाब दिला, तर दगड फुटताच मशीनचं वजन टूलवर आदळतं.

पिना काढाल तेव्हा त्यांच्या आणि खाचेच्या उठलेल्या कडा ग्राइंड करून गोल करा. दांड्यावरचे ओरखडेही फ्लॅप डिस्कने उतरवा, पण डिस्क टूलच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवी रेघ वाकण्याच्या ताणाला नेमकी आडवी येते आणि तिथूनच नवी चीर सुरू होते.

तुमच्या तीन टूलचे तुकडे अजून जवळ असतील तर मोडलेल्या तोंडांचे तिरप्या उजेडात काढलेले फोटो इथेच टाका. सोबत टोकापासून मोड किती अंतरावर आहे, टूलचा व्यास, आजची बुशची फट आणि बुश शेवटचा किती तासांपूर्वी बदलला हे लिहा. चिरेची सुरुवात पोलादाच्या पोटात दिसली, तर विक्रेत्याकडे दाव्यात काय मांडायचं ते मी स्वतः लिहून देईन. तोवर तुकड्यांच्या तोंडांना तेल लावून ते गुंडाळून ठेवा, गंज चढला की त्या वळ्या दिसत नाहीत. आणि त्या ब्रेकरमध्ये फट मोजल्याशिवाय चौथं टूल घालू नका.