दीड मिलिमीटर पाऊस

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे याविषयी आमच्या चोपडा तालुक्यात फारसे मतभेद नाहीत. त्याने शेतात जावे, पारावर बसावे आणि तरुणांना नावे ठेवावीत. मी ही तिन्ही कामे मनोभावे करीत होतो. एवढ्यात आमच्या महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, मुख्य गावी, आमच्या शिवारापासून आठ किलोमीटरवर, स्वयंचलित हवामान केंद्र उभे राहिले, त्याचे आकडे मोबाइलवर दिसू लागले आणि ते वाचू शकणारा रिकामा माणूस म्हणून गावाने माझी एकमताने नेमणूक केली. तेव्हापासून माझी खुशाली कोणी विचारत नाही. 'गुरुजी, तुमनं यंतर काय म्हनस?' एवढेच विचारतात.

यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, त्याची दिशा आणि पाऊस सांगते. लोकांना मात्र उद्याचे हवे असते. हवामान केंद्र झालेल्याची नोंद ठेवते, होणाऱ्याची नाही. ते तलाठ्याच्या जातकुळीतले आहे, ज्योतिषाच्या नव्हे. हे समजावून सांगण्यात माझी उरलीसुरली अध्यापनशक्ती खर्ची पडली. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर ते समजून घ्यायचेच नव्हते. आमच्या घरी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, तेव्हा तिच्याखाली पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवलेली असतात. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त, असा हिशेब असतो. हे केंद्र वर्षातून एकदाच बोलते, पण त्याला रेंज लागत नाही, हा आप्पांचा मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही.

पहिला फटका केळीच्या पानांवरच्या करपा रोगाने दिला. सकाळी मी मोबाइल पाहिला, तर वारा ताशी 6 किलोमीटर, पाऊस शून्य. फवारणीला याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. आप्पांनी ओट्यावरून उत्तरेकडे पाहिले आणि सातपुडा आज फार जवळ आल्यासारखा दिसतो, तेव्हा फवारा राहू दे, असे सुचवले. डोंगर जवळ येत नसतात, असे मी त्यांना भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल अशा आवाजात सांगितले. दुपारी चारला जो पाऊस आला, त्याने पानांवरचे सारे औषध नाल्याला पाजले. चिंब भिजलेल्या अंगाने मी मोबाइल उघडला, तर यंत्र अजून शून्यावरच ठाम होते, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याच्याकडे पाऊस झालाच नव्हता. पावसात बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे आपण म्हणतो. आमच्या मंडळाच्या बैलाची शिंगे आठ किलोमीटर लांब आहेत, एवढाच फरक.

पण खरी कथा त्या जुलैतल्या रात्रीची आहे. रात्रभर पाऊस कोसळत होता. नाला बांध फोडून शेजारच्या नानांच्या कपाशीत शिरला आणि सकाळी सरीवरंब्यांच्या जागी गढूळ तळे दिसत होते. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची हालचाल सुरू होते, हे एव्हाना गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झाले होते. साडेआठच्या सुमारास निम्मे गाव माझ्या ओट्यावर जमले होते. मी आकडा वाचला. यंत्राने 63.5 मिलिमीटर नोंदवले होते.

ओट्यावर शांतता पसरली. हवामानशास्त्राचा दिवस मध्यरात्री नव्हे, तर सकाळी साडेआठला बदलतो, आणि आठ चाळीसला पाऊस पुन्हा सुरू झाला; परंतु तो दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर. नानांनी विचारले, 'दीड मिलिमीटर म्हणजे कितलं पानी?' मी उत्साहाने हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. एकरात सुमारे 4,000 चौरस मीटर असतात. तेव्हा दीड मिलिमीटर म्हणजे एकरी 6,000 लिटर. लोकांना ते पटले. एवढे पाणी कमी पडले असेल, तर सरकार तरी काय करणार?

इथे मी थांबायला हवे होते. पण शिक्षकाला उत्तर पूर्ण केल्याशिवाय राहवत नाही. मी पुढे सांगितले की यंत्रात वर एक नरसाळे असते आणि खाली सी-सॉसारख्या झुलणाऱ्या दोन इवल्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, मग दुसरी भरते, आणि दर कलंडण्याला अर्धा मिलिमीटर पाऊस मोजला जातो. म्हणजे वाटी फक्त तीन वेळा कलंडायची राहिली. नरसाळ्याच्या तोंडाच्या मानाने ते पाणी साधारण 50 मिलिलिटर भरले असते.

'म्हनजे एक कट चहा?' नानांनी विचारले.

मी मान डोलावली. एकरी सहा हजार लिटरसमोर नतमस्तक झालेले गाव एका कट चहासमोर पेटून उठले. 'गुरुजी, रातले सांगतात ते मी सोता जाई वतनू असतू,' असे नाना म्हणाले, आणि त्यांच्या नजरेत त्या क्षणापासून मी शासनाचा माणूस ठरलो.

त्यानंतर मी स्वतःच्या बांधावर स्वतःचे केंद्र उभारले. पहिला तापमापक मोटारीच्या खोलीच्या पत्र्याला टांगला होता. त्याने एप्रिलमध्ये 49 अंश दाखवले आणि मीही ते अभिमानाने गावभर सांगितले. तापमान हवेचे मोजायचे असते, पत्र्याचे नाही, हे कळल्यावर सुताराकडून चार बाजूंनी झडपा असलेली पांढरी पेटी करून घेतली आणि जमिनीपासून चार फुटांवर बसवली. कबुतरे किती ठेवायची, एवढे सुताराने विचारले.

या पेटीने एक मात्र शिकवले. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून सरकत सखल भागात साचते, आणि नाल्याकाठचा आमचा मळा म्हणजे तिची हक्काची मुक्कामाची जागा. डिसेंबरात एकदा मंडळाचे यंत्र 9.6 अंश सांगत असताना आमच्या पेटीत पारा 7.9 वर होता. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, बाहेर पडू लागलेला घड पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात, अडकतो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, हे एरवीचे दुखणे तेव्हा कामी आले. विहिरीचे पाणी हवेपेक्षा बरेच गरम असते, म्हणून मी मोटार चालू केली. आप्पांनी शाल पांघरून, वाऱ्याच्या अंगाला काडीकचरा पेटवून धूर केला. दर दहा मिनिटांनी मी बॅटरी घेऊन पेटीपर्यंत जात होतो आणि आकडा ओरडून सांगत होतो. आप्पांनी एकदाही आभाळाकडे पाहिले नाही. चारच्या सुमारास त्यांनीच विचारले, 'आते कितला?'

पहाटे धुराने डोळे चुरचुरत, आम्ही दोघे स्टँडवरच्या टपरीवर गेलो. नाना आधीच शेकत बसले होते. मला पाहून ते सरकले, जागा दिली आणि टपरीवाल्याला म्हणाले, 'गुरुजीले न् आप्पाले दीड दीड मिलिमीटर दे रे.'

टपरीवाल्याने काहीही न विचारता दोन कट भरले.