अतिकाय निःशस्त्र होता म्हणे! आधी सर्ग तरी वाचा

"रावणाचा मुलगा अतिकाय लढायला नाही, शरण यायला आला होता, निःशस्त्र असताना लक्ष्मणाने त्याला मारलं आणि रामायण लिहिणाऱ्यांनी त्याचं मोठेपण लपवलं." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. मी सोडून दिलं असतं, पण काल भाचीचा फोन आला, मामा मी वक्तृत्व स्पर्धेत हेच बोलणारे. मग राहवलं नाही.

निःशस्त्र? वाल्मीकींच्या युद्धकांडाचा ७१ वा सर्ग काढा. अतिकाय रथातून येतो, धनुष्य घेऊन, आणि तोच आव्हान देतो की मी साध्यासुध्यांशी लढत नाही, दम असेल त्याने यावं. लक्ष्मण पुढे झाला तर म्हणतो तू अजून पोर आहेस, परत जा, त्यावर लक्ष्मण वामनाचा दाखला देतो. मग अस्त्राला अस्त्र, लक्ष्मणाचे बाण त्याच्या कवचावर आपटून मोडतायत. शेवट तर नीट वाचाच. ब्रह्मास्त्र अंगावर येताना दिसल्यावर अतिकाय आधी बाणांनी ते अडवायला बघतो, अडत नाही म्हटल्यावर शक्ती, गदा, कुऱ्हाड, शूळ, सगळं त्याच्यावर चालवतो, तरी तो बाण मुकुटासकट डोकं उडवतो. एवढी हत्यारं वापरणारा माणूस निःशस्त्र कसा?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. त्याच्या कवचाला ब्रह्मदेवाचं वरदान आहे, ते ब्रह्मास्त्रानेच भेदेल, हे लक्ष्मणाला वायूने येऊन सांगितलं. याला बाहेरची मदत म्हणा हवं तर. पण म्हणून तो निःशस्त्र होत नाही.

शरण यायचंही काही नाही. कुंभकर्ण पडल्यावर रावणाचा मुलगा त्रिशिरा याचं बोलणं ऐकून त्याचे भाऊ देवांतक, नरांतक आणि हा अतिकाय, तिघेही लढायला उत्सुक झाले असं आधीच ६९ व्या सर्गात आहे.

आणि लपवलं काय? रामाने हा कोण म्हणून विचारल्यावर खुद्द विभीषण सांगतो की हा रावणाची बायको धान्यमालिनी हिचा मुलगा, वडीलधाऱ्यांची सेवा करणारा, राजनीती जाणणारा, याच्या जिवावर लंका निर्धास्त आहे, इंद्राचं वज्रसुद्धा याने बाणांनी रोखलंय. शत्रूच्या गोटात उभं राहून केलेली एवढी स्तुती ज्या ग्रंथात आहे त्यालाच लपवालपवीचा दोष देताय?

भाचीला तो सर्ग अर्थासकट पाठवलाय. म्हटलं भाषण अतिकायावरच कर, विभीषणाच्या बोलण्यापासून सुरू कर.