कंठ फुटण्याच्या वयातला गायनवृंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

हायस्कूलमधील मुलांच्या गायनवृंदावर मी लिहिलेल्या लेखाबद्दलची आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, ज्यांचा आवाज फुटतो आहे अशा मुलांना वर्षभर बाहेर बसवावे, कारण त्यांच्यामुळे वृंद बेसूर होतो आणि त्यांच्या घशालाही इजा पोहोचते. शिवाय शाळेच्या सभागृहातल्या टाळ्या कौतुकाच्या असतात, त्यांवरून गाण्याची पारख होत नाही. शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तिसऱ्या रांगेत मुलगा उभा असलेल्या आईच्या टाळीवर मी स्वतःला गुण देत नाही.

घशाचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि बोलण्याचा आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. मधल्या काही महिन्यांत आवाजाचा पल्ला फार आखडतो. वरचे स्वर निघून गेलेले असतात आणि खालचे अजून आलेले नसतात. जॉन कुक्सी या अमेरिकी संगीतशिक्षकांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या बदलाचे टप्पे मांडले. हे टप्पे ठरावीक क्रमाने येतात, प्रत्येकाचा वेग निराळा असतो आणि जेथे आवाज सहज लागतो तेवढ्या पल्ल्यात मुलगा या सर्व काळात गात राहू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. घसा बिघडतो तो न झेपणारा स्वर ताणून काढल्यामुळे, आणि तसा स्वर त्याच्या वाट्याला देणे ही शिक्षकाची चूक असते.

गेल्या सत्रात एका मुलाचा आवाज पियानोपाशी तपासत होतो. षड्जापासून मध्यमापर्यंत तो व्यवस्थित चढला आणि पंचमावर आवाज एकदम वर उडाला. तो आधी बुटांकडे पाहत राहिला, मग स्वतःच हसला; मागची मुले हसली नाहीत, कारण त्यांतले बहुतेक त्याच घाटातून नुकतेच उतरले होते. त्याच्यासाठी दुसऱ्या टेनरच्या (पुरुषी आवाजांतील वरच्या पट्टीच्या गटांपैकी खालच्या गटाच्या) ओळीतील चारच स्वर ठेवून उरलेल्या जागी विराम लिहिला आणि त्याला बासमधील, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीच्या गटातील, एका थोरल्या मुलाशेजारी उभे केले. तालमीत तो थोरला त्याला हळूच ‘खालून घे’ म्हणतो, तेव्हा माझ्या सूचनेपेक्षा ते अधिक लागू पडते.

आपल्या सूचनेला इतिहासाचा आधार आहे, हे नाकारत नाही. व्हिएन्नाच्या राजदरबारी चॅपेलमध्ये (प्रार्थनागृहाच्या गायनवृंदात) गाणाऱ्या, पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या शूबर्टने पंधराव्या वर्षी एका स्वरलिपीवर लिहून ठेवले होते की, फ्रांझ शूबर्ट २६ जुलै १८१२ रोजी शेवटचा आरवला, म्हणजे मुलाच्या आवाजात शेवटचा गायला. त्या चॅपेलला मुलाचा वरच्या पट्टीतला आवाज हवा होता. तो गेला की मुलाची जागा दुसरा घेई. शाळेत तसे होत नाही. आवाज फुटलेला मुलगा दुसऱ्या दिवशीही त्याच वर्गात, त्याच मित्रांत बसतो, आणि माझ्या अनुभवात ‘तू वर्षभर थांब’ असे ज्याला सांगितले तो सहसा परत येत नाही. मराठीत याला कंठ फुटणे म्हणतात. कंठ फुटला म्हणून गप्प बसवणे मला तरी विचित्र वाटते.

सभागृहातल्या कार्यक्रमात दुसरे गीत बेसूर झाले, हे आपण अचूक हेरलेत. त्याचे कारण मात्र मुले नव्हती. ते मी काळी दोन या पट्टीत ठेवले होते आणि दुसऱ्या टेनरला ते चढत होते, हे तालमीतच कळले होते. पण साथीदारांची तयारी झाली असल्याने पट्टी बदलण्याचा मी आळस केला. आता ते काळी एकमध्ये उतरवले आहे. राहिला प्रश्न खरोखर बाहेर बसवण्याचा : ज्याचा घसा दुखतो किंवा बसलेला आवाज दोन आठवड्यांतही सुटत नाही, त्याला मी गाऊ देत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो. तेवढे दिवस तो तालमीला येऊन इतरांची पाने उलटतो.